जावातून सोप सेवा वापरायची, तर कोणत्या वाटेने?

प्रश्न (पुणे) : नेदरलँड्समधील एका घाऊक व्यापाऱ्याची बिलिंग प्रणाली आमची कंपनी पुण्यातून सांभाळते. ग्राहकाचा व्हॅट क्रमांक युरोपीय आयोगाच्या ‘व्हीआयईएस’ या सोप सेवेकडून (सोप म्हणजे एक्सएमएल संदेशांतून दुसऱ्या प्रणालीशी बोलण्याची पद्धत) तपासून घेतल्याशिवाय शून्य कराचे बिल निघत नाही. गोदाम आणि मालवाहतूक मिळून आणखी तीन सोप सेवा याच प्रणालीत आहेत. आजवर सगळे जावा ८ वर होते आणि क्लायंटचा कोड जेडीकेमधल्या, म्हणजे जावाच्या विकाससंचातल्या, ‘डब्ल्यूएसइम्पोर्ट’ या साधनाने तयार केलेला होता. आता जावा १७ वर जाताना ‘जावाएक्स.एक्सएमएल.डब्ल्यूएस’ हे पॅकेजच सापडत नाही. एक सहकारी अपाचे सीएक्सएफ ही लायब्ररी घ्या म्हणतो, दुसरा स्प्रिंग-डब्ल्यूएस ही लायब्ररी सुचवतो आणि तिसऱ्याचे म्हणणे असे की, एक्सएमएल ही शेवटी स्ट्रिंगच आहे, साध्या एचटीटीपी क्लायंटने पाठवून मोकळे व्हावे. आम्ही कोणाचे ऐकावे?

उत्तर : पॅकेज का सापडत नाही, ते आधी पाहू. जॅक्स-डब्ल्यूएस (ते पॅकेज ज्याचे आहे, ते जावातून सोप सेवा वापरण्याचे मानक) आणि त्याच्या जोडीचे जॅक्सबी (एक्सएमएल आणि जावाच्या वस्तू यांच्यात रूपांतर करणारे) ही दोन्ही डिसेंबर २००६ मध्ये आलेल्या जावा ६ पासून जेडीकेच्या पोटातच होती आणि त्यामुळे ती जावा भाषेचाच भाग आहेत, असा अनेकांचा समज झाला. २०१७ च्या जावा ९ मध्ये ती काढून टाकण्याच्या यादीत गेली आणि सप्टेंबर २०१८ च्या जावा ११ मधून प्रत्यक्ष काढली गेली. जॅक्स-डब्ल्यूएस बंद पडले, असा याचा अर्थ नाही. ते आता मेव्हन किंवा ग्रेडल या बिल्डच्या साधनांमधून वेगळी डिपेन्डन्सी म्हणून आणावे लागते आणि ‘डब्ल्यूएसइम्पोर्ट’चे काम बिल्डमधल्या प्लगइनकडे सोपवावे लागते, इतकेच.

मात्र येथे एक खड्डा आहे. जावा ईई ही मानके एक्लिप्स फाउंडेशनकडे गेल्यानंतर, २०२० च्या जकार्ता ईई ९ पासून पॅकेजांच्या नावातील ‘जावाएक्स’ जाऊन ‘जकार्ता’ आले. मूळ जॅक्स-डब्ल्यूएसची २.३ ही मालिका जुनी नावे वापरते, ३.० पासून पुढे नवी. सीएक्सएफची ३ ही मालिका जुन्या नावांची, ४ ही नव्या नावांची. आपली प्रणाली स्प्रिंग बूट ३ वर जाणार असेल, तर नवी नावे घेण्यावाचून गत्यंतर नाही. नसेल, तर दोन्हींपैकी एक घ्या, पण एकच घ्या. जुन्या अ‍ॅनोटेशनचे क्लास नव्या जॅक्सबीच्या हाती दिले, तर ते अ‍ॅनोटेशन त्याला दिसतच नाही. मग क्लासच्या डोक्यावर ‘एक्सएमएलरूटएलिमेंट’ ठसठशीत लिहिलेले असतानाही तेच अ‍ॅनोटेशन नसल्याची तक्रार करणारी एरर येते आणि माणूस नको त्या ठिकाणी चूक शोधत बसतो. म्हणून जुना तयार केलेला कोड हाताने दुरुस्त करू नका; तो पुसून टाका आणि डब्ल्यूएसडीएलवरून, म्हणजे सेवेच्या क्रिया व संदेश यांचे वर्णन करणाऱ्या फाइलवरून, नव्याने तयार करा.

आता निवडीकडे वळू. तिन्ही सहकारी लायब्ररीविषयी बोलत आहेत, पण निर्णय बराचसा डब्ल्यूएसडीएलमध्येच लिहिलेला असतो. चारही सेवांचे डब्ल्यूएसडीएल उघडून तीन गोष्टी पाहा : बाइंडिंगची, म्हणजे संदेश एक्सएमएलमध्ये मांडण्याची, शैली कोणती आहे, सुरक्षेचे धोरण जोडलेले आहे का, आणि संदेशांची रचना किती खोल आहे. ‘डॉक्युमेंट/लिटरल’ शैली असेल आणि सुरक्षा केवळ एचटीटीपीएसपुरती असेल, तर तिन्ही मार्ग खुले आहेत. व्हीआयईएस या गटात बसते. याच सेवेला आता रेस्टचा, म्हणजे सोपविना साध्या एचटीटीपी विनंत्यांचा, मार्गही आहे. पण उरलेल्या तीन सेवांसाठी सोपचे यंत्र आपल्याला उभारावेच लागणार असेल, तर केवळ हिच्यासाठी वेगळी वाट काढण्यात मला फारसा लाभ दिसत नाही.

‘चेकव्हॅट’ ही क्रिया अगदी जवळून पाहू, कारण तिन्ही मार्गांचे गुणदोष तिच्यात उघडे पडतात. विनंतीत दोनच घटक आहेत : देशाचा संकेत आणि व्हॅट क्रमांक. उत्तरात हेच दोन परत येतात आणि त्यांच्याबरोबर तपासणीची तारीख, क्रमांक वैध आहे की नाही, नाव आणि पत्ता असे आणखी चार. ‘डब्ल्यूएसइम्पोर्ट’ ठरीव पद्धतीने चालवले, तर याची जी जावा मेथड तयार होते, ती काहीच परत करत नाही आणि तिला सहा ‘होल्डर’ द्यावे लागतात. पहिले दोन भरलेले द्यायचे, उरलेले चार रिकामे द्यायचे आणि कॉल झाल्यावर त्यांच्यातून उत्तरे काढायची. हे पाहून नवा माणूस बिचकतो आणि ‘यापेक्षा स्ट्रिंग बरी’ म्हणतो; आपल्या तिसऱ्या सहकाऱ्याचे मत बहुधा अशाच एखाद्या मेथडकडे पाहून बनले असावे. वास्तविक बाइंडिंगच्या फाइलमध्ये ‘एनेबलरॅपरस्टाइल’ बंद करण्याची एक ओळ टाकली की तीच मेथड एक विनंती घेते आणि एक उत्तर देते. तसेच नाव व पत्ता हे दोन घटक स्कीमात, म्हणजे संदेशाच्या रचनेच्या व्याख्येत, ऐच्छिकही आहेत आणि ‘निलेबल’ही (रिकामे चालणारे) आहेत, म्हणून उत्तराच्या क्लासमध्ये ते साध्या स्ट्रिंगऐवजी ‘जॅक्सबीएलिमेंट’मध्ये गुंडाळलेले येतात. ‘जनरेटएलिमेंटप्रॉपर्टी’ नाही म्हणून सांगितले की तेही सुटे होतात. घटक मुळात आलाच नाही की रिकामा आला, हा भेद तेव्हा पुसला जातो. येथे त्याने काही अडत नाही, इतरत्र अडू शकते. या दोन ओळी माहीत नसल्यामुळे जॅक्स-डब्ल्यूएसला जितकी नावे ठेवली गेली आहेत, तितकी त्याच्या खऱ्या दोषांमुळेही ठेवली गेलेली नसतील.

स्ट्रिंगचा मार्ग चालतो, हे मी नाकारत नाही. जावा ११ पासून जेडीकेमध्येच चांगला एचटीटीपी क्लायंट आहे, व्हीआयईएसची विनंती दहाबारा ओळींच्या एक्सएमएलमध्ये मावते आणि कोणतीही लायब्ररी लागत नाही. परंतु तेव्हा सोपचे बारकावे आपल्या अंगावर येतात. सोप १.१ मध्ये कंटेंट-टाइप ‘टेक्स्ट/एक्सएमएल’ असतो आणि ‘सोपअ‍ॅक्शन’ हा वेगळा हेडर लागतो, तो रिकामा असला तरी अवतरणचिन्हांसह, सोप १.२ मध्ये हा हेडर जातो आणि कंटेंट-टाइप ‘अ‍ॅप्लिकेशन/सोप+एक्सएमएल’ होतो. सेवेने दोष कळवला, म्हणजे ‘फॉल्ट’ पाठवला, तर सोप १.१ मध्ये एचटीटीपीचा संकेत ५०० येतो. घाईने लिहिलेला कोड ५०० दिसताच अपवाद फेकतो आणि ज्यात खरे कारण लिहिलेले आहे तो मजकूर न वाचताच टाकून देतो. गोदामाच्या सेवेला ग्राहकाचे नाव पाठवताना त्यात ‘&’ हे चिन्ह आले आणि ते एस्केप करायचे राहिले, की संपूर्ण संदेश मोडतो; आणि व्यापारी कंपन्यांच्या नावांत हे चिन्ह पावलोपावली असते. एकच सेवा, एक-दोन क्रिया, साधे घटक, एवढ्यापुरताच हा मार्ग मी स्वीकारीन. चार सेवांसाठी नाही.

स्प्रिंग-डब्ल्यूएस मधला मार्ग देते. त्यात सेवेचा इंटरफेस तयार होत नाही. स्कीमावरून फक्त जॅक्सबीचे क्लास बनवायचे आणि ‘वेबसर्व्हिसटेम्प्लेट’च्या हाती विनंतीची वस्तू द्यायची, उत्तराची वस्तू परत मिळते. होल्डरांचा प्रश्न येथे उद्भवतच नाही आणि खोट्या सर्व्हरवर चाचण्या लिहिण्याची सोय फार सुरेख आहे. प्रणाली आधीपासून स्प्रिंगवर असेल आणि टीमला संदेश कसा दिसतो हे समजून घेण्याची सवय असेल, तर हा पर्याय उत्तम. उणीव अशी की कोणत्या क्रियेला कोणती विनंती जाते आणि कोणते उत्तर येते, याची राखण कंपायलर करत नाही. चुकीची वस्तू दिली, तर ती चालवल्यावरच कळते.

माझा कौल सीएक्सएफला आहे, पण अटीसह. कोड मात्र जॅक्स-डब्ल्यूएसच्या मानक इंटरफेसांवरच लिहावा आणि सीएक्सएफच्या खास क्लासना फक्त जोडणीच्या ठिकाणी, म्हणजे टाइमआउट, लॉगिंग आणि सुरक्षा ठरवणाऱ्या एकाच क्लासमध्ये, हात लावावा. चार सेवांपैकी एकीने जरी उद्या सही केलेले संदेश मागितले, तरी सीएक्सएफमध्ये ती सोय जवळ असते. नुसत्या मूळ जॅक्स-डब्ल्यूएसवर ती नाही, तेथे मेट्रो हा मोठा वेब-सेवा संच पूर्ण आणावा लागतो.

याहूनही महत्त्वाचे असे की, निवड कोणतीही करा, तयार झालेले क्लास बिलिंगच्या कोडमध्ये शिरू देऊ नका. ‘व्हॅटतपासणी’ असा आपला स्वतःचा लहानसा इंटरफेस ठेवा, जो आपल्याच प्रकारांत बोलेल. तारखेचेच घ्या : व्हीआयईएसची तारीख ‘एक्सएमएलग्रेगोरियनकॅलेंडर’ या अवजड वस्तूतून येते आणि तिला युरोपातील वेळेचा फरकही चिकटलेला असतो. ती सीमेवरच ‘लोकलडेट’मध्ये बदलावी, तेही दिवस, महिना आणि वर्ष जसेच्या तसे उचलून. मधल्या टप्प्यात ती क्षणात रूपांतरित करून भारतीय किंवा अन्य वेळेत आणाल, तर कधी ना कधी एक दिवस इकडचा तिकडे होईल. नावाच्या जागी काही देशांकडून, उदाहरणार्थ जर्मनीकडून, केवळ तीन आडव्या रेषा येतात. ते ग्राहकाचे नाव म्हणून बिलावर छापले जाऊ नये. आणि व्हीआयईएस स्वतः क्रमांकांची नोंद ठेवत नाही, ती प्रत्येक सदस्य देशाच्या यंत्रणेला विचारून उत्तर देते. त्या देशाची यंत्रणा बंद असेल, तर ‘एमएस_अनअव्हेलेबल’ असा फॉल्ट येतो. याचा अर्थ क्रमांक खोटा, असा कधीही लावू नका. वैध, अवैध आणि ‘आत्ता कळू शकत नाही’ अशी तीन उत्तरे आपल्या इंटरफेसमध्ये असलीच पाहिजेत. १ जानेवारी २०२० पासून युरोपीय संघात ग्राहकाचा वैध व्हॅट क्रमांक ही शून्य कराच्या पुरवठ्याची मूलभूत अट झालेली असल्याने ‘आत्ता कळू शकत नाही’ या तिसऱ्या उत्तराचे काय करायचे, हे प्रोग्रामरने परस्पर न ठरवता ग्राहकाच्या लेखा विभागाला विचारून ठरवावे.

प्रश्न (नागपूर) : आमच्याकडे अ‍ॅक्सिस १.४ या जुन्या सोप लायब्ररीवर लिहिलेला क्लायंट आहे. समोरची सेवा फार जुनी असून ती बदलणार नाही, असे त्यांनी स्पष्ट कळवले आहे. नव्या साधनांनी तिचा डब्ल्यूएसडीएल वाचायला गेलो, तर ‘आरपीसी/एन्कोडेड’ चालत नाही, असा संदेश येतो. यातून मार्ग काय?

उत्तर : साधनाचा दोष नाही. ‘आरपीसी/एन्कोडेड’ शैलीत प्रत्येक घटकाचा प्रकार संदेशातच लिहिला जातो आणि एकच वस्तू दोनदा आली, तर ती एकदा लिहून दुसऱ्या ठिकाणी तिचा ‘एचरेफ’ दिला जातो. परस्पर जुळणीत यामुळे इतके वाद झाले की जुळणीचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूएस-आय या संघटनेच्या मूलभूत प्रोफाइलने ही शैली वर्ज्य ठरवली आणि जॅक्स-डब्ल्यूएसने तिला जागाच दिली नाही. सीएक्सएफकडेही म्हणून जाण्यात अर्थ नाही.

अ‍ॅक्सिस १.४ ही २००६ ची आवृत्ती आहे आणि तिच्यात सर्व्हरच्या प्रमाणपत्रावरील नाव आपण ज्या पत्त्याशी बोलत आहोत त्याच्याशी जुळते का, हे तपासलेच जात नाही, ही जाहीर झालेली त्रुटी आहे. तेव्हा ती मुख्य प्रणालीत ठेवू नये. क्रिया थोड्या असतील, चार-पाचच्या आत, तर ‘साज’ (सोप संदेश हाताने घडवण्याची जावातील सोय) वापरून किंवा साध्या एचटीटीपीने संदेश हाताने घडवा. वर पुण्याच्या वाचकांना ज्या मार्गापासून मी दूर राहायला सांगितले, तोच येथे योग्य ठरतो. सोपयूआय या सोप सेवा तपासण्याच्या साधनात खरी विनंती आणि खरे उत्तर एकदा पकडून ठेवा आणि त्याच नमुन्यावर चाचण्या लिहा. उत्तर वाचताना मात्र ‘मल्टिरेफ’ घटक बॉडीच्या शेवटी वेगळे ठेवलेले असू शकतात, हे ध्यानात असू द्या. आधी ‘आयडी’ आणि ‘एचरेफ’ यांच्या जोड्या लावणारी एक लहान मेथड लिहा आणि मगच मूल्ये काढा. पार्सरमध्ये डॉक्टाइपला, म्हणजे डीटीडी या रचनेच्या जुन्या व्याख्येच्या घोषणेला, मनाई करायला विसरू नका. सोप संदेशात तसेही डीटीडीला स्थान नाही.

क्रिया चाळीस-पन्नास असतील, तर हाताने लिहिणे परवडणार नाही. तेव्हा अ‍ॅक्सिसचा जुना क्लायंट स्वतंत्र प्रक्रियेत, बंदिस्त नेटवर्कमध्ये ठेवावा, त्याच्या पुढ्यात साधा जेसनचा दरवाजा लावावा आणि बाहेर जाणारी जोडणी अशा प्रॉक्सीतून न्यावी, जी प्रमाणपत्राची तपासणी नीट करते. हे देखणे नाही, पण कारभार चालतो.

प्रश्न (सिंगापूर) : जेडीकेमधले जॅक्स-डब्ल्यूएस सोडून त्याचीच मेव्हनवरची आवृत्ती घेतली. कोडमध्ये टाइमआउट आधीपासून लिहिलेला आहे. तरीही समोरची सेवा मंदावली की आमचे सगळे थ्रेड अडकून पडतात. लायब्ररी बदलावी का?

उत्तर : लायब्ररी बदलण्याआधी टाइमआउटच्या प्रॉपर्टीचे नाव तपासा. जेडीकेमधल्या प्रतीत या नावात ‘इंटर्नल’ हा तुकडा होता : ‘कॉम.सन.एक्सएमएल.इंटर्नल.डब्ल्यूएस.रिक्वेस्ट.टाइमआउट’. मेव्हनवरच्या प्रतीत तो तुकडा नाही. रिक्वेस्ट कॉन्टेक्स्ट हा साधा मॅप असल्याने अनोळखी नाव घातले तरी तो कुरकुर करत नाही आणि मूल्य मुकाट्याने दुर्लक्षिले जाते. मूळ जॅक्स-डब्ल्यूएसमध्ये टाइमआउट ठरवला नाही, तर वाट पाहण्याला मर्यादाच नसते. आपले थ्रेड अडकण्याचे हेच कारण असण्याची दाट शक्यता आहे. जोडणीचा आणि उत्तराचा असे दोन्ही टाइमआउट नव्या नावाने, मिलिसेकंदांत लिहा आणि उत्तर मुद्दाम उशिरा देणाऱ्या खोट्या सर्व्हरवर ते खरोखर लागू होतात का, हे चाचणीने पाहा. सीएक्सएफमध्ये काहीच न लिहिता जोडणीसाठी ३० आणि उत्तरासाठी ६० सेकंदांची मर्यादा असते, हा तिचा एक गुण. पण वेब विनंतीच्या आत ६० सेकंदही फारच झाले.

सोबत हेही पाहा की ‘सर्व्हिस’ची वस्तू प्रत्येक कॉलला नव्याने तयार होत नाही ना. ती तयार होताना डब्ल्यूएसडीएल वाचला जातो आणि त्याचा पत्ता दूरच्या सर्व्हरचा असेल, तर प्रत्येक कॉलमागे आणखी एक नेटवर्क फेरी वाढते, तीही आपण लावलेल्या टाइमआउटच्या बाहेर. डब्ल्यूएसडीएल क्लासपाथमध्ये ठेवा, वस्तू एकदाच बनवा आणि खरा पत्ता ‘एंडपॉइंट अ‍ॅड्रेस’च्या प्रॉपर्टीने द्या. पोर्टची, म्हणजे सेवेला कॉल करणारी, एकच वस्तू अनेक थ्रेडांत वाटायची असेल, तर मानक तिच्या सुरक्षिततेची हमी देत नाही. कॉलगणिक रिक्वेस्ट कॉन्टेक्स्ट बदलत असाल, तर प्रत्येक थ्रेडला वेगळा पोर्ट द्या.

टाइमआउट लागला म्हणजे काम झाले नाही, असे समजून लगेच पुन्हा पाठवू नका. चौकशीची क्रिया असेल तर खुशाल पाठवा. ऑर्डर नोंदवणारी असेल, तर आधी ती नोंदली गेली का हे विचारणारी क्रिया डब्ल्यूएसडीएलमध्ये शोधा.

प्रश्न (फोंडा, गोवा) : एका वित्तसंस्थेच्या सेवेला संदेशावर डिजिटल सही आणि टाइमस्टॅम्प लागतो. आम्ही एक्सएमएल स्वतः घडवतो आणि सहीही स्वतः करतो. आमच्याकडे सही बरोबर ठरते, त्यांच्याकडे कधी ‘सही जुळत नाही’, तर कधी ‘संदेशाची मुदत संपली’ असे उत्तर येते.

उत्तर : सही संदेशाच्या अर्थावर होत नाही, त्याच्या प्रमाण रूपातील बाइट्सवर होते. बॉडीवर सही केल्यानंतर कोणी वाचायला सोपे जावे म्हणून तिच्यात ओळी पाडल्या, जागा सोडल्या, तर ती बॉडी माणसाला तीच दिसते, पण डायजेस्ट, म्हणजे त्या बाइट्सवरून काढलेला ठसा, बदललेला असतो. आपल्याकडे तपासणी बहुधा या बदलाच्या आधी होते आणि म्हणून ती उत्तीर्ण होते. सही केल्यापासून बाइट्स सॉकेटवर जाईपर्यंत डॉक्युमेंट पुन्हा स्ट्रिंग करून पार्स होते का, ट्रान्सफॉर्मरला ‘इंडेंट’ सांगितले आहे का, सहीनंतर एखादा हँडलर हेडर जोडतो का, हे शोधा. प्रमाणीकरणाची पद्धतही पाहा. सहसा ‘एक्सक्लूझिव्ह’ पद्धत अपेक्षित असते, कारण साध्या पद्धतीत बाहेरच्या एन्व्हलपवरील नेमस्पेसही सहीत ओढले जातात.

मुदतीच्या तक्रारीत मला घड्याळापेक्षा वेळेच्या लेखनाचा संशय येतो. टाइमस्टॅम्पमधील वेळेच्या शेवटी ‘झेड’ असेल, तर ती यूटीसी असली पाहिजे. भारतीय वेळ तशीच लिहून तिच्यापुढे ‘झेड’ चिकटवला, तर संदेश साडेपाच तास भविष्यातला ठरतो. ती चूक निस्तरण्यासाठी कोणी साडेपाच तास दोनदा वजा केले, तर तो जुना ठरतो. मुदत पुष्कळदा पाचच मिनिटांची असते, त्यामुळे सर्व्हर एनटीपीशी, म्हणजे घड्याळ जुळवणाऱ्या सेवेशी, जोडलेला आहे का, हेही पाहावे.

तरी माझा आग्रह असा की, हा कोड टाकून द्यावा. डब्ल्यूएसएस४जे ही अपाचेची लायब्ररी नेमके हेच काम करते, संदेशाच्या सुरक्षेसाठी सीएक्सएफ आणि स्प्रिंग-डब्ल्यूएस दोन्ही तिचा आधार घेतात, आणि वित्तसंस्थेच्या डब्ल्यूएसडीएलमध्ये सुरक्षेचे धोरण लिहिलेले असेल, तर सीएक्सएफ ते वाचून काय सही करायचे हे स्वतः ठरवते. आपण कीस्टोअर, उपनाव आणि पासवर्ड देणारा कॉलबॅक एवढेच पुरवायचे. धोरण लिहिलेले नसेल, तर बॉडी आणि टाइमस्टॅम्प या दोन्हींवर सही हवी की एकावरच, प्रमाणपत्र संदेशात पाठवायचे की त्याचा केवळ संदर्भ, आणि डायजेस्टसाठी कोणता अल्गोरिदम, हे तीन प्रश्न त्यांच्या तांत्रिक विभागाला लेखी विचारा आणि उत्तरासोबत त्यांच्या बाजूने स्वीकारला गेलेला एक संपूर्ण नमुना संदेश, न सजवता, जसा वायरवर होता तसा मागून घ्या.